सशाचे पिलू घरी आले : पहिले आठ दिवस जपा



गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी आपण नेहमीच बोलतो. आज जरा लहान जिवाविषयी बोलू या. मुलांच्या हट्टापायी बाजारातून सशाचे पिलू घरी येते. महिन्याभरात हौस फिटते आणि कोणीतरी ते ओढ्याकाठी नाहीतर देवळामागे सोडून देतो. पाळीव सशाला रानात जगता येत नाही. कुत्री मागे लागतात. मग एखादे पोर ते पिलू सदऱ्यात गुंडाळून घरी आणते आणि म्हणते, "आई, ह्याला ठेवू या ना!"

पोराने केले ते चांगलेच केले. पण पुढे काय होते? कोणी दूध पाजते, कोणी अंघोळ घालते, आळीतली सारी मुले त्याला मांडीवर घेऊन बसतात. हे सगळे मायेपोटी होते, आणि त्यातच बरेचदा पिलू दगावते. असे का, ते नीट समजून घेऊ.

आधी ओळखा : पिलू रानातले की पाळीव?

ऊसतोडणीत किंवा गव्हाच्या काढणीत मातकट रंगाचे, उघड्या डोळ्यांचे, अंगभर केस असलेले पिलू एकटेच निपचित बसलेले सापडले, तर ते रानसशाचे समजावे. ते पोरके नसते. रानससा बीळ करीत नाही. मादी पिलांना गवतात लपवून दिवसभर लांब राहते, म्हणजे कोल्ह्या-कुत्र्यांना माग लागत नाही. अंधार पडल्यावर येऊन ती पिलांना पाजून जाते. म्हणून असे पिलू घरी आणू नये. काम अगदी जवळ आले असेल, तर ओंजळीत गवतासकट उचलून जवळच्याच बांधाच्या आडोशाला ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणजे आई टाकून देते, ही समजूत धरू नये. उसाचा पाला पेटवायचा असेल, तर आधी फडातून एक फेरी जरूर मारावी.

पिलू जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली असेल, तर वनरक्षकाला कळवावे. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला घरी पाळता येत नाही.

पांढरे, काळे-पांढरे, लाल डोळ्यांचे, वस्तीजवळ सापडलेले पिलू मात्र पाळीव. पुढची माहिती त्याच्यासाठी.

पहिला दिवस : आडोसा आणि शांतता

ससा म्हणजे दहा जणांच्या तोंडचा घास. घार, कुत्रा, मांजर, मुंगूस, सारेच त्याच्यावर टपलेले. त्याला वरून कोणी उचलले, की शिकाऱ्याने धरले असेच त्याला वाटते. भेदरलेला ससा खाणे सोडतो, आणि खाणे सुटले की त्याचे आतडे मंदावते. दुखणे इथूनच सुरू होते.

म्हणून घरातली शांत, थंड, हवेशीर जागा निवडावी. तिथे लाकडी खोके पालथे घालून त्याला दोन बाजूंनी दारे ठेवावीत. खाली कोरडे गवत अंथरावे. नुसत्या जाळीवर ठेवू नये, पाय सोलवटतात. जड मातीच्या भांड्यात ताजे पाणी सदैव असावे. मांजर आणि मुंगूस आत शिरणार नाही अशी जाळी लावावी. अंघोळ मुळीच घालू नये. अंग मळले असेल, तर ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून कोरडा करावा.

उन्हाची काळजी फार घ्यावी. पारा ३० अंशांच्या वर गेला की सशाला त्रास होऊ लागतो. उन्हाळ्यात जाळीवर ओले पोते टाकावे, पण हवा कोंडू देऊ नये.

काय घालावे, काय घालू नये?

सशाचे मुख्य अन्न गवत, गाजर नव्हे! मारवेल, पवना, हरळी यांचे चांगले वाळलेले, बुरशी नसलेले गवत दिवसरात्र समोर हवे. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. हिरवा चारा थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवावा. थोडा लसूणघास, कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालतो. दवाने भिजलेला चारा आधी पसरून सुकवावा.

भाकरी, पाव, बिस्किटे, गूळ, कांदा, लसूण, बटाटा देऊ नये. कोवळी ज्वारी गुरांना बाधते, तशी सशालाही बाधते. फवारणी झालेल्या रानातला चारा आणू नये.

गवत खाणाऱ्या पिलाला दुधाची गरज नसते. डोळेही न उघडलेले पिलू असेल, तर ते ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. सशाच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतो, तेव्हा घरच्या दुधावर ते पिलू निभत नाही.

आणखी एक गोष्ट. ससा बुडाशी तोंड नेऊन स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. किळस करू नका, त्याला अडवू नका. गवतातला कस तो असा दुसऱ्यांदा काढून घेतो.

ओळख कशी वाढवावी?

पहिले दोन-तीन दिवस चारा-पाणी आणि साफसफाई सोडून त्याला हात लावू नये. नंतर रोज ठरल्या वेळी, सकाळी किंवा तिन्हीसांजेला, घरातल्या एकाच माणसाने त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. मुलगा असेल तर त्याने तिथेच धडा वाचावा, म्हणजे आवाज ओळखीचा होतो. हातात कोथिंबिरीची काडी धरावी, पण पुढे सरकू नये. त्यालाच येऊ द्यावे. कोणाला चार दिवस लागतील, कोणाला महिना.

काडी हातातून खाऊ लागला की कपाळावर, दोन कानांच्या मध्ये, हळूच बोट फिरवावे. पोटाला, पायांना हात लावू नये. मागचा पाय दाणकन आपटला तर तो घाबरला आहे असे समजावे आणि मागे सरावे. तुमच्याजवळ पाय ताणून आडवा झाला, तर ओळख पटली म्हणायची.

कान धरून तर कधीच उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घेऊन अंगाशी धरावे. मागचे पाय लोंबकळत राहिले आणि त्याने जोरात झटका दिला, तर कणा मोडतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

अर्धा दिवस खाल्ले नाही, लेंड्या बंद झाल्या, पातळ हगवण लागली, पोट फुगले, तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, कानात खपल्या धरल्या, की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उद्यावर टाकू नये. माणसांच्या गोळ्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांचे औषध घरच्या घरी वापरू नये. यातली काही औषधे सशाला विषासारखी ठरतात. दोन ससे असतील तर नर-मादी ओळखून घ्या आणि चौथ्या महिन्याच्या आत वेगळे ठेवा, नाहीतर दोनाचे दहा व्हायला वेळ लागत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा : रानातले पिलू रानातच राहू द्या. घरी आलेल्या पिलाला आडोसा, वाळले गवत, पाणी आणि शांतता द्या. जवळ तुम्ही ओढू नका, त्याला येऊ द्या. पोराला एवढे समजावून सांगितलेत, तर ससाही जगेल आणि मुक्या जिवाला धीराने कसे सांभाळायचे, हे पोरही शिकेल.