अल्पमोली घड्याळ व उत्तम पट्टा

मागील एका पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका मुलाचें मनगटी घड्याळ खेळाच्या मैदानावर हरवलें. मुलगा इयत्ता आठवींतला. घड्याळ वडिलांनीं वाढदिवसानिमित्त दिलेलें. तें भारी किंमतीचें नव्हतें, परंतु मुलाच्या लेखीं त्याचें मोल मोठें होतें. दोन दिवस त्यानें ही गोष्ट घरीं बोलून दाखविली नाहीं. तिसऱ्या दिवशीं वडिलांची दृष्टि त्याच्या रित्या मनगटाकडे गेली, आणि ‘निष्काळजी’ हा शब्द त्याला ऐकून घ्यावा लागला. पुढें आठवड्याभरानें मैदानावरील गवत कापतांना तें घड्याळ सांपडलें. नवल हें कीं, तें चालू होतें व वेळहि बिनचूक दाखवीत होतें! पट्टा कोठें तुटलेला नव्हता. मात्र ज्या बारीक पिनेनें पट्टा घड्याळास अडकविलेला असतो, ती एका बाजूची पिन गंजून निसटली होती. दोष मुलाचा नव्हता. दोष दहा-वीस रुपयांच्या पिनेचा होता.

या प्रसंगावरून सुचलेले कांहीं विचार आम्ही विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

घड्याळ विकत घेतांना आपण काय पाहतों? तबकडीचा रंग, कांट्यांचा घाट, कंपनीचें नांव आणि किंमत. पट्ट्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. पण वेळ दाखविण्याच्या कामापुरतें बोलावयाचें, तर स्वस्त घड्याळ व महाग घड्याळ यांतील अंतर आतां फारच थोडें उरलें आहे. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आपण जिला गारगोटी म्हणतों, ती ज्या द्रव्याची असते, त्याच द्रव्याचा कारखान्यांत वाढविलेला एक चिमुकला स्फटिक या घड्याळांत बसविलेला असतो. त्यास क्वार्ट्झ म्हणतात. सेलमधील विजेच्या योगानें तो दर सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या सहज निवडलेली नाहीं. दोनास दोनानें गुणीत जाऊन पंधरा दोनांचा गुणाकार केला म्हणजे ती येते; म्हणून तिचे पंधरा वेळां निम्मे निम्मे करीत गेलें कीं बरोबर एक राहतो, व सेकंदाचा कांटा एक घर पुढें सरकतो. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

अशा जातीचें पहिलें मनगटी घड्याळ जपानांतील सैको कंपनीनें २५ डिसेंबर १९६९ रोजीं विक्रीस काढलें. त्याची किंमत साडेचार लक्ष येन, म्हणजे त्या काळच्या एका लहान मोटारीएवढी होती! आज तीच युक्ति हजार-दीड हजार रुपयांच्या घड्याळांत मिळते, आणि तें महिन्याकाठीं साधारणतः पंधरा-वीस सेकंदांहून अधिक चुकत नाहीं. उलट चावीचें उत्तम घड्याळहि एका दिवसांत कांहीं सेकंद इकडेतिकडे होतें.

मग स्वस्त घड्याळांत काटकसर होते तरी कोठें? बहुतेक वेळां ती पट्ट्यांत व पिनेंत होते. यंत्र चांगलें, पण तें धरून ठेवणारा हात दुबळा, अशी त्याची स्थिति असते. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, घड्याळ साधें घ्यावें, आणि वांचलेल्या पैशांतील थोडा भाग चांगल्या पट्ट्यावर व मजबूत पिनांवर खर्च करावा. ही चैन नव्हे. ही खरी काटकसर होय.

प्रथम मापाविषयीं. घड्याळाच्या डबीस वर दोन व खालीं दोन असे चार कान असतात. समोरासमोरच्या दोन कानांच्या आंतील बाजूंमध्यें जें अंतर, तीच पट्ट्याची रुंदी. कंपासपेटींतील पट्टीनें तें मिलिमीटरांत मोजावें. तें बहुधा १८, २० किंवा २२ भरतें. पट्टा अरुंद घेतला तर तो सरकतो व पिनेस झिजवितो. रुंद घेतला तर त्याच्या कडा दुमडून फाटतात. कांहीं घड्याळांचा पट्टा डबीच्याच आकारांत ओतलेला असतो. तेथें दुसरा पट्टा बसत नाहीं, हें घेण्यापूर्वींच पाहून घ्यावें. पिन म्हणजे एक बारीक नळी असून तिच्या पोटांत स्प्रिंग व दोन्ही टोंकांस सुया असतात. स्प्रिंग त्या सुयांना बाहेर रेटते व त्या कानांतील भोकांत जाऊन बसतात. घाम व पावसाचें पाणी यांनीं ही स्प्रिंग गंजते. म्हणून पट्टा बदलतांना पिनाहि नव्या, न गंजणाऱ्या पोलादाच्या घालाव्या, व घड्याळजीकडून त्या नीट बसल्याची खातरी करून घ्यावी.

आतां पट्ट्याचे प्रकार पाहूं. चामड्याचा पट्टा दिसण्यांत सर्वांत सौम्य. चामडें कमावण्याच्या मुख्य रीति दोन: एक क्रोमियमच्या क्षारांची, व दुसरी झाडांच्या सालींची व फळांची. दुसरी रीत आपल्या महाराष्ट्रास परकी नाहीं. कोल्हापुरी चपलांचें चामडें बाभळीची साल व हिरडा यांनींच कमावीत आले आहेत. असें चामडें आरंभीं ताठ असतें, पण वापरानें मनगटाच्या वळणास जुळतें व त्याचा रंग खुलत जातो. हलक्या पट्ट्यांत मात्र चामड्याचा आंतला निःसत्त्व थर घेऊन त्यावर प्लास्टिकचा लेप दिलेला असतो. तो ओळखावयाचा कसा? पट्टा वांकवून पाहावा. खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात. लेपाचा पट्टा लवकरच चिरतो व त्याचे पापुद्रे निघूं लागतात. चामड्याचा शत्रु घाम व ओल. भिजलेला पट्टा उन्हांत किंवा चुलीजवळ न ठेवतां सावलींत वाळवावा.

धातूच्या पट्ट्यास आपण ‘चेन’ म्हणतों. हलकी चेन पातळ पत्र्याची दुमडून केलेली असते. ती खुळखुळते, लवकर सैल होते व मनगटावरील केंस ओढते. चांगल्या चेनीची प्रत्येक कडी भरीव असते. आणखी एक गोष्ट पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. स्वस्त चेनीवर पुष्कळदां निकेलचा मुलामा असतो. तो घामांत उतरला म्हणजे कित्येकांच्या मनगटास खाज सुटते व लाल चट्टे उठतात. ‘३१६ एल’ या जातीच्या स्टेनलेस पोलादांतहि निकेल असतें, परंतु तें धातूंत इतकें घट्ट बांधलेलें असतें कीं घामांत फारच थोडें उतरतें. ज्यांस एवढेंहि सोसत नाहीं, त्यांनीं कापडी पट्टा वापरावा. मुलगा घड्याळ वारंवार काढून ठेवीत असेल, तर रागावण्यापूर्वीं त्याचें मनगट एकदां पाहावें.

पावसाळ्यांत व खेळांत रबराचा पट्टा सोयीचा; तो धुतां येतो व कुजत नाहीं. परंतु रबराचा पट्टा लावल्यानें घड्याळ पाण्यांत बुडविण्याजोगें होतें, असें मात्र समजूं नये. तबकडीवर ‘३० मीटर’ असें लिहिलें असलें, तरी त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे सोसेल एवढाच घ्यावयाचा. पोहतांना तें हातांत असूं नये.

मुलांसाठीं आमच्या मतें सर्वांत उत्तम तो नायलॉनचा विणलेला अखंड पट्टा. सैनिकांच्या घड्याळांकरितां १९७३ सालीं ब्रिटिश संरक्षण खात्यानें अशा पट्ट्याचीं मापें ठरवून दिलीं. बाजारांत त्यास ‘नाटो पट्टा’ म्हणतात. त्याची युक्ति सोपी आहे. इतर पट्ट्यांचे दोन तुकडे असतात, व प्रत्येक तुकडा एकेका पिनेवर अवलंबून असतो. हा पट्टा एकसंध असून वरच्या पिनेखालून जाऊन, डबीच्या पाठीवरून, खालच्या पिनेखालून निघतो. त्यामुळें एक पिन निसटली तरी दुसरी घड्याळास धरून ठेवते. आमच्या त्या बालमित्राच्या हातीं असा पट्टा असता, तर घड्याळ गवतांत न पडतां मनगटासच लोंबकळत राहिलें असतें!

आतां मेळ साधण्याविषयीं दोन शब्द. लहान मनगटावर थोराड डबी व जाड चेन शोभत नाहीं. पातळ घड्याळास पातळ पट्टा व जाड घड्याळास भरदार पट्टा असावा. पट्टा बांधल्यावर त्याखालीं करंगळी सहज जाईल एवढीच सैल जागा राहावी. रंगाचा गोंधळ वाटल्यास काळा किंवा तपकिरी घ्यावा. त्यांत सहसा चूक होत नाहीं. मात्र एक पथ्य पाळावें. भारी कंपनीचें नांव कोरलेली नकली चेन आणून साध्या घड्याळास लावणें म्हणजे मनगटावर असत्य बांधणें होय. साध्या वस्तूस साधेपणानें नीटनेटकें ठेवावें. तिला दुसऱ्याचें नांव देऊं नये.

शेवटीं, नवें घड्याळ घेण्यापूर्वीं घरांतील कपाट एकदां उघडून पाहा, असें आम्ही सुचवितों. बंगळूर येथें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें एच्. एम्. टी. चा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ हीं त्यांचीं घड्याळें एके काळीं घरोघरीं होतीं. एच्. एम्. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास २०१६ सालीं केंद्र सरकारनें मंजुरी दिली. पण आजोबांचें घड्याळ अजून एखाद्या डब्यांत कापसांत गुंडाळलेलें सांपडेल. पुष्कळदां तें बिघडलेलें नसतें. पट्टा तुटला म्हणून बाजूस पडलेलें असतें. घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्यावें व चांगला पट्टा चढवावा, कीं तें पुन्हां टिक् टिक् करूं लागेल. नातवाच्या मनगटावर तें पाहून आजोबांस जो आनंद होईल, त्याचें मोल कोणत्या दुकानांत करावयाचें?

असो. आरंभीं सांगितलेल्या मुलाच्या वडिलांनीं गंजलेली पिन पाहिली, तेव्हां ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग ते स्वतः त्याला घेऊन बाजारांत गेले, आणि दोघांनीं मिळून मापाचा नायलॉनचा पट्टा व दोन नव्या पिना विकत घेतल्या. पट्टा मुलानें स्वतःच्या हातानें बसविला. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तो आपल्या घड्याळाच्या पिना तपासून पाहतो. आणि त्याबरोबर वडिलांच्याहि.