सॉफ्टबॉल : ठराव झाला, तजवीज कोठे?

वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकसाठी ज्या पाच खेळांना मंजुरी दिली, त्यांतील क्रिकेटचा आपल्याकडे एवढा जयघोष झाला की, त्याच ठरावाने महिलांच्या सॉफ्टबॉललाही पुनःप्रवेश मिळाला, ही वार्ता अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कोणाच्या खिजगणतीतही राहिली नाही.

वस्तुतः जागेची टंचाई असलेल्या उपनगरांना हा खेळ मानवणारा आहे. १८८७ साली शिकागोतील एका बंदिस्त व्यायामशाळेत, मुष्टियुद्धाचा हातमोजा आवळून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा एवढ्या सामग्रीवर त्याचा जन्म झाला. आजही बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये ९० फुटांचे अंतर असते, तर येथे ते ६० फुटांचेच. दुर्मीळ असते ती पिचर. कारण ४३ फुटांवरून हात चक्राकार फिरवून खांद्याखालून वेगवान चेंडू टाकण्याची विद्या वर्षानुवर्षांच्या सरावावाचून साध्य होत नाही.

या तपश्चर्येचा आदर्श म्हणजे जपानची युकिको उएनो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून, आधीची तिन्ही सुवर्णपदके जिंकणाऱ्या अमेरिकेला तिने अंतिम सामन्यात ३-१ असे नमविले; आणि तेरा वर्षांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, टोकियोतील २-० अशा विजयातही तिचा हात होताच. एवढी दीर्घ कारकीर्द शक्य झाली, कारण जपानी कंपन्या स्वतःचे महिला संघ बाळगतात आणि खेळाडूंच्या उपजीविकेची तजवीज करतात.

आपल्याकडे शालेय व आंतरविद्यापीठ स्पर्धांतून मुली पुढे येतात, जळगाव-अमरावतीसारख्या ठिकाणी या खेळाची परंपराही रुजली आहे. तथापि भारतीय महिला संघ ऑलिंपिकच्या मैदानावर अद्याप उतरलेला नाही. पदवीनंतर खेळ सुटण्याचे भय हे खरे संकट होय. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत खऱ्या, परंतु केवळ राखीव जागेने संघ उभा राहत नाही. डायना एडलजींसारख्या क्रिकेटपटूंना रेल्वेने नोकरीबरोबर संघही दिला. तोच शिरस्ता सॉफ्टबॉलला लागू व्हावयास हवा.

लॉस एंजेलिसला अवघ्या सहा संघांना प्रवेश आहे आणि त्यांतील एक जागा यजमान अमेरिकेची. तेव्हा तेथील पदकाच्या गप्पा मारण्यापेक्षा उपनगरांतील शाळांची पटांगणे, पिचर घडविणारे प्रशिक्षक आणि पगार देणारे संघ यांचा बंदोबस्त करणे, हेच शहाणपणाचे आहे. कारण राष्ट्रीय संघाची निवड समिती कितीही चोखंदळ असली, तरी तिला निवडता येते ते खेळत राहिलेल्या मुलींतूनच.