दोन लिटरची रेघ आणि बॅटरीची गाडी

डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2,000 सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल इंजिनांच्या गाड्यांची नोंदणी थांबवली. कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर ज्यांचा जुना कारखाना आहे, त्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही 500 या गाड्या 2.2 लिटर इंजिनाच्या, म्हणजे थेट बंदीच्या कचाट्यात. जानेवारी 2016 मध्येच कंपनीने दिल्लीसाठी 1.99 लिटरचं इंजिन आणलं. कायद्याच्या दृष्टीने ते चोखच होतं. पण बंदी होती इंजिनाच्या आकारावर, सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं यावर नव्हे. त्यामुळे इंजिनिअरांचं कसब आकार छाटण्यात खर्ची पडलं. नियम ज्याचं माप घेतो तेवढंच कारखाना बदलतो, आणि नवं तंत्रज्ञान हवं असेल तर माप निवडतानाच ते ठरतं.

1 एप्रिल 2020 ला आलेल्या भारत स्टेज 6 ने धुराचंच माप घेतलं. डिझेल मोटारींना किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड्सची मुभा होती, ती 80 वर आली. त्यासाठी लागणाऱ्या गाळण्यांचा खर्च छोट्या गाडीच्या किमतीत बसेना, म्हणून मारुतीने डिझेल सोडलं. मोठ्या गाड्यांत तो बसला, म्हणून महिंद्राने ठेवलं. जुनं तंत्र स्वच्छ झालं, पण गेलं नाही. कार्बन डायऑक्साइडचं गणित मात्र वेगळं आहे. तो जळालेल्या इंधनाच्या प्रमाणातच निघतो, सायलेन्सरला गाळणी लावून अडत नाही. म्हणून ‘कॅफे’ नियमांचा दाब खोलवर पोचतो. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी त्यात धरतात. 2022-23 पासून उद्दिष्ट किलोमीटरमागे सुमारे 113 ग्रॅम. विजेची गाडी या हिशेबात शून्य ग्रॅमची, शिवाय एकीच्या जागी तीन मोजली जाते. डिसेंबर 2022 च्या कायदादुरुस्तीने सरासरी चुकल्यास विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 25 किंवा 50 हजार रुपये दंडही ठेवला.

यावर कुणी म्हणेल, महिंद्राने विजेच्या गाड्या बनवणारी बंगळुरूची रेवा कंपनी 2010 मध्येच घेतली होती, तेव्हा कुठे होता हा दाब? खरं आहे, आणि माझ्या मते हाच सर्वांत बोलका पुरावा आहे. तंत्र हाती असूनही ते कडेला राहिलं; 2013 ची ई-टू-ओ रस्त्यावर क्वचितच दिसली. मुळापासून विजेसाठीच रचलेल्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई नोव्हेंबर 2024 मध्ये आल्या. मधल्या काळात बॅटऱ्या खूप स्वस्त झाल्या, त्याचं श्रेय नियमाला देता येणार नाही. पण स्वस्त बॅटरी सगळ्यांनाच मिळते. जड एसयूव्ही विकणाऱ्याला ती तातडीने हवीशी वाटते, कारण त्याची सरासरी त्या एसयूव्हींमुळेच चढते.

दुसरा आक्षेप मुंबईच्या उपनगरांतून येईल: नव्या गाड्यांनी अंधेरी-घाटकोपरची हवा सुधारेल का? नुसत्या त्यांनी नाही. बांधकामांची धूळ आणि जुनी वाहनं राहतातच, आणि पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने हटवण्याचा विचार करायला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये राज्याला सांगितलं ते त्यामुळेच. तरीही नव्या गाड्यांच्या नियमात एक भगदाड आहे, आणि ते बुजवता येण्यासारखं आहे. कॅफेचं उद्दिष्ट कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनाला बांधलेलं आहे. गाड्या जड, तर मर्यादाही सैल. म्हणजे दोन लिटरच्या रेघेसारखंच, माप पुन्हा भलत्याच गोष्टीकडे झुकतं. 2027 पासूनच्या पुढच्या टप्प्यात वजनाची ही सवलत जितकी आक्रसेल, तितकी जड डिझेल गाडी विकत राहणं कंपनीला महाग पडेल.