लिंबोणीला उसाचे पाणी नको



ऊसनोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना परसदारीही नजर जातेच. बहुतेक वस्त्यांवर कागदी लिंबाचे एखादे झाड असते, आणि ते हमखास मोरीच्या सांडपाण्यावर लावलेले असते. पहिली ३-४ वर्षे झाड जोमात वाढते. ऐन फळाला यायच्या वेळी मात्र पाने पिवळी पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, बुंध्यातून डिंक गळतो. घरची मंडळी म्हणतात, नजर लागली. नजर कसली, पाणी लागलं!

या रोगाला डिंक्या म्हणतात. फायटोप्थोरा नावाची बुरशी जमिनीतच असते. बुंधा सतत ओला राहिला की ती सालीत शिरते, साल कुजते आणि झाड उपाशी मरते. आपला हात उसावर बसलेला, सरी तुडुंब भरली की जिवाला बरं वाटतं. (उसालाही एवढे लागत नाही, पण तो विषय निराळा.) लिंबोणीची अन्न घेणारी मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. त्यांना ओल हवी, तशी हवाही हवी.

म्हणून जागा निचऱ्याची आणि उन्हाची बघावी. चोपण किंवा चुनखडीच्या जागेच्या नादी लागू नये. भारी काळी जमीन असेल तर मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. रोप राहुरी विद्यापीठाच्या साई शरबती किंवा फुले शरबती जातीचे, खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावे. खड्ड्यात शेणखत किंवा पूर्ण कुजलेला प्रेसमड घालावा. कारखान्यावरून आणलेला गरम प्रेसमड तसाच ओतू नये, मुळे भाजतात.

पाण्यासाठी दुहेरी आळे करावे. बुंध्यापासून फूट-दीड फुटावर मातीची एक गोल कड घालावी. तिच्या आत पाणी जाता कामा नये. फांद्यांच्या घेराखाली दुसरे आळे काढून पाणी तेवढ्यातच द्यावे. आळ्यात उसाचे पाचट अंथरले तर उन्हाळ्यात ओल टिकते, फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नये.

पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरते. मोरचूद व चुना अर्ध्या-अर्ध्या लिटरात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. भांडे लोखंडी नको. डिंक दिसला तर कुजकी साल आधी खरवडून काढावी.

कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसते. मोठी झाली की हिरवी होते. एक-दोन झाडांसाठी औषध कशाला? पोरांना वेचायला लावा. आणि उसात टू-फोर-डी मारलेला पंप लिंबोणीकडे अजिबात आणू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फुललेल्या हस्त बहाराची लिंबे एप्रिल-मेमध्ये हाती येतात, म्हणजे बाजारात भाव चढलेले असतात तेव्हा. मात्र पाऊस उघडला नाही तर ताण बसत नाही आणि हा बहार हुकतो.

ज्यांची झाडे आजच मोरीवर आहेत त्यांनी ती तोडू नयेत. चर काढून सांडपाणी केळीकडे नाहीतर अळूकडे वळवावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

– ऊस विकास अधिकारी