म्हातारपणीच्या औषधगोळ्या : विमा किती देतो, किती नाही

मिरजेत सतारीचा भोपळा घडवणारा कारागीर असो की कराडचा किराणा दुकानदार, हात थकले की तो घरी बसतो. त्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी मात्र रोज लागतेच.

आमच्या मामूंनी वर्षभराची औषधांची बिले बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. 'आयुष्मानचे कार्ड काढले आहे, पैसे परत मिळतील,' असा त्यांचा समज. मिळाले काहीच नाही, आणि मिळणारही नव्हते. दरम्यान पैसे वाचवण्यासाठी दिवसाआड गोळी घेतल्याने साखर वाढली, ती वेगळीच. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे.

७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून 'आयुष्मान वय वंदना' कार्ड सुरू झाले. उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही. घरातील सत्तरीपुढील सर्वांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येते. वय आधारवरून ठरते, आणि आपल्याकडील अनेक बुजुर्गांचे जन्मसाल आधारवर अंदाजाने टाकलेले असते, ते आधी तपासा. मात्र ही योजना इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी आहे. औषधे मिळतात ती दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांची आणि घरी आल्यानंतरच्या १५ दिवसांची. सोळाव्या दिवसाची गोळी आपल्याच खिशातून.

खासगी मेडिक्लेमचेही बहुधा तेच. अनेक पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात, तेही त्याच आजाराच्या औषधांपुरते. त्या दिवसांची बिले डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जपा. रोजच्या औषधांचे कलम हवे असेल तर जादा हप्ता भरावा लागतो. हप्ता आणि मिळणारी रक्कम यांचा हिशेब दुकानदाराच्या नजरेने करा, पुष्कळदा तो जमत नाही. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी घेता येते. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे. पण साखर आहे हे फॉर्मवर लपवू नका, दावा तिथेच अडतो.

मग रोजच्या गोळीचे काय? ज्यांनी कारखान्यात नोकरी केली, ईएसआयमध्ये किमान ५ वर्षे होते आणि वयोमानाने निवृत्त झाले, त्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी दवाखाना व औषधे मिळतात. एमआयडीसीतून निवृत्त झालेल्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नाही. निवृत्त सैनिकांना, आणि ते साताऱ्यात घरोघर आहेत, ईसीएचएस आहे.

बाकीच्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र. राज्याच्या आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रक्तदाब व साखरेच्या नेहमीच्या गोळ्या तेथे मिळतात. एखादी संपलेली असली तर जनऔषधी केंद्र गाठावे. तेथे तेच औषध कंपनीच्या नावाविना साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त पडते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा, संकोच करू नका.

मामूंनी आता तेच केले आहे. बिस्किटांचा डबा त्यांनी मामींना परत दिला.