पहिला दिवस, पहिला शो, आणि एरर ३७

१५ मे २०१२. ‘डायब्लो’चा तिसरा भाग येणार म्हणून जगभरचे गेमर बारा वर्षं वाट बघत होते. अखेर सर्व्हर उघडले आणि लाखो पडद्यांवर एकच निरोप झळकला : एरर ३७. सर्व्हरवर गर्दी आहे, नंतर प्रयत्न करा! गेम अगदी एकट्याने खेळायचा म्हटला, तरी ब्लिझार्ड कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहणं सक्तीचं होतं. म्हणजे पैसे भरलेले, डिस्क हातात, आणि आत शिरायला वाट नाही. तरीही पहिल्या २४ तासांत ३५ लाखांहून जास्त प्रती खपल्या. पहिल्या दिवसाची ओढ इतकी जबरदस्त असते. म्हणूनच त्या दिवशी काय बिघडतं आणि परीक्षक त्याबद्दल काय लिहितात, याला फार मोल आहे.

साडेनऊ, आठ, चार, साडेसहा

हे एकाच गेमला एकाच संकेतस्थळाने दिलेले गुण आहेत! मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आला. शहर वसवायचा, रस्ते-पाणी-वीज सांभाळायचा हा निवांत खेळ, पण त्यालाही सतत इंटरनेट लागणार होतं. ‘पॉलिगॉन’च्या परीक्षकाने तो लाँचच्या आधी खेळला, तेव्हा सर्व्हरवर शुकशुकाट होता. सगळं सुरळीत चाललं आणि १० पैकी ९.५ गुण पडले. मग गेम बाजारात आला आणि सर्व्हर कोलमडले. लोक तासन्‌तास रांगेत अडकले, वसवलेली शहरं हरवली. भार हलका करायला कंपनीने गेममधला सर्वांत जलद ‘चित्ता’ वेगच काढून टाकला. अ‍ॅमेझॉनने डाउनलोडची विक्री काही काळ थांबवली. ‘पॉलिगॉन’ने गुण आधी ८ वर आणले, मग थेट ४ वर, आणि परिस्थिती सुधारल्यावर ६.५ वर.

तेव्हा यावर बरीच टीका झाली. परीक्षण म्हणजे काय शेअर बाजाराचा निर्देशांक आहे का, असा सूर होता. मला मात्र ‘पॉलिगॉन’चं वागणं प्रामाणिक वाटतं. ज्या दिवशी माणूस दुकानात उभा आहे, त्या दिवशी गेम चालतो की नाही, हे त्याला कळायलाच हवं. खरी चूक त्या पहिल्या ९.५ ची. रिकाम्या सर्व्हरवर खेळून ऑनलाइन गेमला अंतिम गुण द्यायलाच नको होते.

यातला आणखी एक पेच : अनेकांचे गुण एकत्र करून सरासरी काढणारं ‘मेटाक्रिटिक’ हे पहिल्यांदा दिलेला गुणच धरतं, नंतरचा बदल मोजत नाही. आणि सतत इंटरनेट लागणाऱ्या त्या ‘सिमसिटी’चं पुढे काय झालं? वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, ऑफलाइन खेळण्याची सोय आली.

डिस्कपेक्षा पॅच मोठा

एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे आधी कळत नाही का? अर्धं उत्तर वेळापत्रकात आहे. डिस्क छापून, खोक्यात भरून जगभरच्या दुकानांत पोचवायला आठवडे लागतात. त्यामुळे छपाईला जाणारी प्रत बरीच आधी पक्की करावी लागते. उरलेल्या दिवसांत बग निपटणं चालूच असतं आणि ती सगळी दुरुस्ती पहिल्या दिवशीच्या पॅचमधून येते. ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’ने २०१५ मध्ये कमाल केली. डिस्कवर साडेचार जीबीच्या आसपास मजकूर आणि पहिल्या दिवसाचा पॅच साडेसात जीबीहून मोठा! डिस्क घालून इंटरनेटशिवाय बसलेल्याच्या वाट्याला सराव आणि स्केट पार्क बांधण्याची सोय, एवढंच आलं.

परीक्षकाची पंचाईत इथेच होते. त्याच्या हाती प्रत येते ती पॅचच्या आधीची. सोबत निरोप असतो, की दिसतील ते दोष लाँचपर्यंत दुरुस्त होतील. कधी होतात, कधी होत नाहीत. वचनाला गुण द्यायचे की समोर दिसतंय त्याला? माझ्या मते समोर दिसतंय त्यालाच. वचनाची नोंद करावी, पण ती गुणांत धरू नये.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग गर्दीचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची नवी आवृत्ती आली. डोंगर, शहरं, विमानतळ, जवळजवळ सगळं क्लाउडवरून खेचून आणणारा हा गेम. दोन लाख कृत्रिम खेळाडू सोडून चाचणी घेतलेली होती. खरे खेळाडू आले आणि कित्येकांचं विमान ९७ टक्के लोड होऊन तिथेच अडकलं. ‘पोकेमॉन गो’चं गणित तर आणखी हुकलं. अपेक्षेच्या पाचपट गर्दी होईल, हा वाईटातला वाईट अंदाज होता. प्रत्यक्षात झाली पन्नासपट, असं गूगलच्या क्लाउड विभागाने नंतर सांगितलं. जुलै २०१६ मध्ये सुरू झालेला हा गेम भारतात अधिकृतपणे आला तो डिसेंबरमध्ये, रिलायन्स जिओचा हात धरून. तोवर आपल्याकडच्या अनेकांनी आडवाटेने फोनवर टाकून खेळूनही घेतला होता.

चेहरा गेला, डोळे राहिले

काही बग मात्र आयुष्यभर लक्षात राहतात. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पॅरिसचा देखणा गेम. संगणकावर खेळणाऱ्या काहींना त्यात पात्रांची कातडीच दिसेना. हवेत तरंगणारे दोन डोळे, दातांच्या दोन ओळी, डोक्यावर केस, आणि हे सगळं मिळून प्रेमाचा संवाद म्हणतंय!

‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२०’ हा कुस्तीचा गेम ऑक्टोबर २०१९ मध्ये आला तोच बगांची पोतडी घेऊन. पण कळस झाला १ जानेवारी २०२० ला. नवं वर्ष उजाडलं आणि गेम सुरूच होईना. दुरुस्ती येईपर्यंत उपाय एकच : कन्सोलचं घड्याळ मागे करून पुन्हा २०१९ मध्ये जायचं.

‘युनिटी’तल्या दातांवरून आठवलं. ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा दणकट संगणकही धापा टाकत होते. जाणकारांनी आतली रचना उकलून पाहिली, तर शहरातल्या प्रत्येक नागरिकाच्या तोंडात व्यवस्थित घडवलेली बत्तिशी! खेळाडू बघतो आकाशातून, नागरिक दिसतो मुंगीएवढा, आणि संगणक त्याचे दात रंगवतोय. ‘फायनल फँटसी १४’च्या २०१० च्या पहिल्या आवृत्तीतही असंच. एका साध्या कुंडीच्या चित्रात खेळाडूच्या पात्राइतकीच, म्हणजे हजारभर बहुभुजांची कारागिरी ओतलेली होती. ही कुंडी नंतर गेमच्या नव्या दिग्दर्शकाने, नाओकी योशिदा यांनी, स्वतःच उदाहरण म्हणून जगासमोर मांडली.

दुपारी बारापर्यंत गप्प बसा

परीक्षकांना गेम आधी मिळतो तो एका अटीवर : अमुक वेळेच्या आधी काही छापायचं नाही. ही बंदी एरवी बरीच उपयोगी असते, कारण सगळ्यांना सारखा वेळ मिळतो आणि घाईची शर्यत टळते. पण ‘युनिटी’च्या वेळी युबिसॉफ्ट कंपनीने हद्द केली. गेम ११ नोव्हेंबर २०१४ ला अमेरिकेत मध्यरात्री विक्रीला आला आणि परीक्षणांवरची बंदी उठली दुपारी बाराला. बारा तास लोक विकत घेत होते आणि ज्यांना दोष ठाऊक होते, त्यांच्या तोंडाला कुलूप होतं. टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि पुढचा जोडभाग सर्वांना फुकट दिला. ‘युनिटी’ आला त्याच दिवशी अमेरिकेत ‘हेलो : द मास्टर चीफ कलेक्शन’ही आला. पहिल्या दिवशीचा पॅच २० जीबीचा, आणि ऑनलाइन सामन्यासाठी जोडीदार शोधता शोधता लोक थकले.

डिसेंबर २०२० चा ‘सायबरपंक २०७७’ याहून गंभीर. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा हा गेम आधीच ८० लाख लोकांनी नोंदवून ठेवलेला. परीक्षकांना दिली फक्त संगणकावरची प्रत, आणि सुरुवातीच्या परीक्षणांत स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायला मनाई. वापरायची ती कंपनीने पुरवलेली! उत्तम संगणकांवर खेळून लिहिलेली परीक्षणं आली आणि सरासरी गुण ९० च्या आसपास गेले. तीन दिवसांनी सामान्य माणसाने आपल्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर गेम लावला, तर चित्र अडखळतंय, रस्ते रिकामे, गेम मध्येच बंद पडतोय. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत आला २१ जून २०२१ ला.

परीक्षकांपैकी ज्यांनी या काळात खरं काम केलं, त्यांचं कौतुक करायलाच हवं. एका अमेरिकन मासिकाच्या परीक्षकाला खेळताना लुकलुकत्या दिव्यांच्या दृश्याने अपस्माराचा झटका आला. तिने लाँचच्या आधीच इतर रुग्णांसाठी सविस्तर इशारा लिहिला, आणि कंपनीला ते दृश्य बदलावं लागलं. ‘आयजीएन’ने संगणकावरच्या आवृत्तीला ९ दिले होते, पण जुन्या कन्सोलसाठी वेगळं परीक्षण करून ४ गुण दिले. ‘मेटाक्रिटिक’सारख्याच ‘ओपनक्रिटिक’ने या गेमच्या पानावर कन्सोलच्या अवस्थेबद्दल ठळक सूचना लावली. ‘डिजिटल फाउंड्री’ने सेकंदाला किती चित्रं पडतात, हे मोजून दाखवलं. जुन्या यंत्रांवर आकडा २० च्याही खाली घसरत होता.

या सगळ्यातून परीक्षकांचे रिवाज बदलत गेले आहेत. ‘युरोगेमर’ने फेब्रुवारी २०१५ मध्ये १० पैकी गुण देणंच बंद केलं, आणि ऑनलाइन गेमचं परीक्षण लाँचनंतर, खऱ्या सर्व्हरवर, खऱ्या गर्दीत खेळूनच करायचं ठरवलं. बऱ्याच ठिकाणी आता ‘परीक्षण चालू आहे’ अशा शीर्षकाखाली पहिली मतं येतात आणि गुण मागाहून ठरतात. मला हा मार्ग सर्वांत पटतो. वाचकाला पहिल्या दिवशी माहिती मिळते आणि परीक्षकाला घाईत निकाल लावावा लागत नाही.

कधी कधी प्रतच आधी मिळत नाही. बेथेस्डा कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केलं, की परीक्षकांना गेम फक्त एक दिवस आधी मिळेल. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या मूठभर लोकांच्या कंपनीचं कारण मात्र वेगळं आणि लोभस होतं. ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’च्या वेळी त्यांना वाटलं, की ज्यांनी सुरुवातीला वर्गणी काढून आपल्याला उभं केलं, त्यांच्या आधी परीक्षकांनी खेळणं बरं नव्हे. ४ सप्टेंबर २०२५ ला गेम सगळ्यांना एकदमच मिळाला आणि गर्दी अशी लोटली, की स्टीमपासून निन्टेंडोपर्यंतची ऑनलाइन दुकानंच काही काळ बसली. गेम ठणठणीत होता, गल्ला कोसळला.

बदनाम पोरांनी बक्षीस नेलं

आता या सगळ्यातली सर्वांत आनंदाची गोष्ट. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सतत नवं काही देत राहणाऱ्या गेमसाठी एक पुरस्कार आहे. २०२० चा विजेता ‘नो मॅन्स स्काय’. २०१६ मध्ये आला तेव्हा पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. २०२१ आणि २०२२ चा विजेता ‘फायनल फँटसी १४’. त्याची पहिली आवृत्ती इतकी फसली, की कंपनीने २०१२ मध्ये गेममधल्या जगावर चंद्र पाडून ते जगच संपवलं आणि २०१३ मध्ये सगळं नव्याने उभारून आणलं. डिसेंबर २०२१ मध्ये तर सर्व्हर अपुरे पडले म्हणून त्यांनी गेमची विक्रीच थांबवली. २०२३ चा विजेता कोण? ‘सायबरपंक २०७७’! आणि २०२४ चा ‘हेलडायव्हर्स २’. त्याच्या सर्व्हरवर पहिल्या महिन्यात एका वेळी साडेचार लाखांची मर्यादा घालावी लागली होती, आणि जागा हातची जाऊ नये म्हणून लोक गेम चालूच ठेवून झोपायला जात होते.

सलग पाच वर्षं हा पुरस्कार सुरुवातीला अडखळलेल्या गेमनी नेला. याचं श्रेय वर्षानुवर्षं राबणाऱ्या कारागिरांचं आहे, आणि गेम सुधारल्यावर पुन्हा वेळ काढून खेळणाऱ्या, नव्याने लिहिणाऱ्या परीक्षकांचंही. पण म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाला अर्धवट माल देणं क्षम्य ठरत नाही. त्या माणसाला आता थोडं संरक्षण आहे. २ जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मिळतात. तीनच आठवड्यांनी ‘बॅटमॅन : आर्कम नाइट’ आला. कन्सोलवर उत्तम, संगणकावर इतका वाईट, की वॉर्नर कंपनीने दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवली.

तेव्हा पुढचा मोठा गेम येईल, तेव्हा आगाऊ पैसे भरू नका. परीक्षणात गुण बघण्याआधी तीन गोष्टी शोधा : परीक्षक कोणत्या यंत्रावर खेळला, पॅचच्या आधी की नंतर, आणि सर्व्हर रिकामा होता की भरलेला. तुमच्याकडे आहे त्याच यंत्रावरचं परीक्षण नसेल, तर आठवडाभर थांबा. गेम कुठे पळून जात नाही, आणि बहुतेक वेळा तोवर पहिला पॅचही आलेला असतो.