माउस मध्येच का अडतो?

घरून काम करणाऱ्यांच्या टेबलावर आता लॅपटॉपच्या जोडीला एखादा मोठा मॉनिटर सर्रास दिसतो. केबल खोचली की पडदा उजळतो आणि माउसचा बाण लॅपटॉपवरून सुरळीत मॉनिटरवर जातो. परत येताना मात्र तो काठावर अडून बसतो. थोडा वर-खाली केला की सुटतो. एखादी विंडो लॅपटॉपवरून ओढून पलीकडे नेली, तर ती अंग चोरल्यासारखी लहान होते. मग केबल बदलून बघायची, ड्रायव्हर पुन्हा टाकायचा, असे उद्योग सुरू होतात. बहुतेक वेळा बिघाड कशातच नसतो. संगणक पडदा पिक्सेलमध्ये मोजतो आणि आपण तो टेबलावर सेंटिमीटरमध्ये बघतो. पडदा एकच असेपर्यंत हा फरक जाणवत नाही. दोन पडदे शेजारी आले की लगेच उघडा पडतो.

एक नेहमीची जोडी घेऊ. १५.६ इंची जुना लॅपटॉप, रिझोल्यूशन १३६६ × ७६८. शेजारी २७ इंची नवा फोरके मॉनिटर, ३८४० × २१६०. पहिल्यावर साधारण साडेदहा लाख पिक्सेल, दुसऱ्यावर ८३ लाख. लॅपटॉपचा पडदा साडेचौतीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये जवळपास ४० पिक्सेल. मॉनिटरची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर, पण तिथे एका सेंटिमीटरमध्ये ६४ पिक्सेल दाटीने बसलेले. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जवळजवळ काढले की तीच रांगोळी लहान होते, तसंच इथे होतं. ४०० पिक्सेल रुंदीची विंडो लॅपटॉपवर दहा सेंटिमीटर भरते, मॉनिटरवर जेमतेम सव्वासहा.

आता बाणाकडे वळू. ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडला की विंडोज दोन्ही पडदे एकाच मोठ्या नकाशावर मांडतं. मुख्य पडद्याचा डावा-वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. दुसरा पडदा त्याच्या डावीकडे असेल तर तिथले आकडे चक्क उणे होतात. या नकाशाचं एकक पिक्सेल. त्यामुळे २१६० ओळींच्या मॉनिटरशेजारी ७६८ ओळींचा लॅपटॉप नकाशावर त्याच्या ३६ टक्के उंचीचा दिसतो. टेबलावर मात्र तो जवळपास ५८ टक्के असतो. मॉनिटरच्या काठाला लॅपटॉप जेवढा टेकलेला, तेवढंच दार. उरलेल्या १,३९२ ओळींच्या पलीकडे नकाशावर काहीच नाही, म्हणून बाण तिथे थांबतो. दारातून गेला तरी बाण नाकासमोर जात नाही. डोळ्यांना अपेक्षित असतो त्याच्या वर किंवा खाली निघतो.

दोन पडदे जोडायची सोय तशी जुनी. १९८७ च्या मॅकिंटॉश टू या संगणकात जादा व्हिडिओ कार्डं घालून अनेक मॉनिटर चालवता येत. विंडोजमध्ये ही सोय विंडोज ९८ पासून आली, थेट नऊ पडद्यांपर्यंत.

समोरचा पडदा केवढा, हे संगणकाला कळतं कसं? केबल जोडताच मॉनिटर स्वतःची ओळख सांगतो. ईडीआयडी नावाची ही पद्धत व्हेसा या संघटनेने १९९४ मध्ये ठरवली. मूळ माहिती अवघ्या १२८ बाइटची. तीन अक्षरांत निर्मात्याचं सांकेतिक नाव, १९९० पासून मोजलेलं निर्मितीचं वर्ष, चालणारी रिझोल्यूशनं आणि चक्क सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो, की सगळ्या १२८ बाइटच्या बेरजेला २५६ ने नि:शेष भाग जावा. भाग गेला नाही तर माहिती वाटेत बिघडली, हे संगणक ओळखतो. स्वस्तातला स्प्लिटर किंवा कनेक्टर ही माहिती पुढे पोचू देत नसेल, तर संगणक अंदाजाने कमी रिझोल्यूशन धरतो आणि महागड्या मॉनिटरवर ढोबळ, पसरट चित्र येतं.

ओळख पटली तरी माल पोचवायचा असतोच. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले, तर लॅपटॉपचं एक चित्र ४२ लाख बाइटचं आणि फोरकेचं ३ कोटी ३२ लाखांचं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळपास २०० कोटी बाइट. जुन्या लॅपटॉपमधलं एचडीएमआय १.४ एवढं वाहून नेऊ शकत नाही. फोरके चित्र ते सेकंदाला तीसदाच पाठवतं. म्हणून मोठ्या पडद्यावर बाण झटके देत सरकतो. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ने ही मर्यादा साठपर्यंत नेली.

आक्रसलेल्या विंडोवर उपाय म्हणजे स्केलिंग. मॉनिटरला १५० टक्के दिले की ४०० पिक्सेलची विंडो ६०० पिक्सेल घेते आणि साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरते. लॅपटॉपच्या दहाशी जवळपास बरोबरी. प्रत्येक पडद्याला वेगळी टक्केवारी देण्याची सोय विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. जुन्या प्रोग्रामना मात्र ती कळत नाही. त्यांचं तयार चित्रच विंडोज ताणून मोठं करतं. मराठी मजकुरात याचा पहिला फटका शिरोरेषेला बसतो. एक पिक्सेल जाडीची रेघ दीडपट करायची, पण अर्धा पिक्सेल तर पेटवता येत नाही. मग शेजारची ओळ करड्या रंगाने भरली जाते. वेलांट्या फुगतात, जोडाक्षरं गिजबिजतात आणि आपल्याला वाटतं, चष्म्याचा नंबर वाढला.

सभागृहातल्या प्रोजेक्टरशी गाठ पडली की वेगळाच पेच. अनेक ठिकाणी अजून १०२४ × ७६८ चे, चारास तीन या प्रमाणातले प्रोजेक्टर आहेत. ‘डुप्लिकेट’ केलं की दोन्हीकडे एकच चित्र लागतं, आणि ते सहसा दोघांनाही झेपेल एवढ्याच रिझोल्यूशनचं असतं. रुंद लॅपटॉपवर मग बाजूला काळे पट्टे येतात, नाहीतर वक्त्याचा फोटो आडवा फुगतो. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ केलं, की प्रत्येक पडदा आपापल्या रिझोल्यूशनने चालतो. वर वक्त्याला त्याच्या टिपा फक्त लॅपटॉपवर ठेवता येतात.

घरी करायचं थोडकंच. दोन्ही पडद्यांचं रिझोल्यूशन शिफारस केलेलंच ठेवावं. एलसीडीचे पिक्सेल पक्के बसवलेले असतात, दुसरा आकडा दिला की चित्र धूसर होतं. डिस्प्ले सेटिंगमधल्या १ आणि २ या चौकटी ओढून टेबलावरच्या मांडणीशी जुळवाव्यात. विंडोज ११ मध्ये बाण काठावर अडकू नये म्हणून वेगळा पर्यायही आहे.

मॉनिटर अजून घ्यायचा असेल, तर रुंदीतले पिक्सेल भागिले रुंदीचे सेंटिमीटर एवढं एक गणित करून बघावं. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपला उत्तर येतं ६२. २४ इंची फुल एचडी मॉनिटरला ३६. रिझोल्यूशन दोन्हींचं तंतोतंत सारखं, तरी ही जोडी विजोड. उलट त्याच लॅपटॉपशेजारी २७ इंची फोरके ठेवला, तर ६२ ला ६४. रिझोल्यूशन दुप्पट असूनही अक्षरं दोन्हीकडे एकाच उंचीची दिसतात, आणि स्केलिंगही दोन्हींना १५० टक्केच पुरतं. खोक्यावर फक्त कर्णाचे इंच आणि रिझोल्यूशन छापलेलं असतं. रुंदी मोजायला दुकानात मापपट्टी मागायला लाजू नये.